बाहुल्यांचं स्थलांतर

ती. भावोजींस,

नमस्कार. खरं तर वाकून करायचा, पण माझी कंबर गेल्या आठवड्यापासून वाकण्याच्या विरोधात आहे, तेव्हा उभ्याने केलेला गोड मानून घ्या. तुमची साखर, ताईचे गुडघे आणि सूनबाईंचा स्वभाव, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. (तिसऱ्याबद्दल ताईने फोनवर जे सांगितलं ते मी कुणालाही सांगितलेलं नाही. फक्त धाकटीला सांगितलं.) मी बरी आहे. म्हणजे सकाळी सहा वाजेपर्यंत बरी असते.

सहा वाजता काय होतं, त्याबद्दल मला तुमच्याविरुद्ध रीतसर तक्रार करायची आहे, आणि ती वर्तमानपत्रात न करता नात्यात करतेय याबद्दल माझे उपकार माना. गेले चौसष्ट दिवस, रविवार धरून, सहाच्या ठोक्याला माझा फोन वाजतो. नाही उचलला तर सहा-पाचला वाजतो. तरी नाही उचलला तर सहा-दहाला. आणि उचलला की पलीकडून माझी सख्खी मोठी बहीण अतिशय मायेने विचारते, "आई, आज बाळाला अंडं दिलंत का?" दिलं असेल तर एक दाबायचं, नसेल तर दोन. भावोजी, मी बावन्न वर्षांची आहे. माझ्या घरात मी, तुमचे साडू आणि त्यांचा खोकला एवढेच जीव आहेत, आणि तिघांपैकी एकालाही रोज अंडं द्या असं कुठल्या डॉक्टरने सांगितलेलं नाही. तुम्ही वरच्या ऑफिसात मुलांच्या नोंदी ठेवणाऱ्या त्या यंत्राचे प्रमुख झालात, आयांना रोज आठवण करून देणारा फोन ही कल्पना तुमचीच, आणि खर्च नको म्हणून आवाज घरातलाच वापरलात, हे सगळं तुम्ही मागे जेवताना तीनदा सांगितलं होतं. तेव्हा मी कौतुक केलं होतं. ते मागे घेते. परक्या बाईचा आवाज असता तर चार शब्द सुनावून ठेवून तरी दिला असता. ताईच्या आवाजाला उलट बोलायची मला सवय नाही. ती विचारणार आणि मी खोटं बोलणार, ही आमची लहानपणापासूनची घडी. पहिले चार दिवस मी निमूटपणे एक दाबत होते. पाचव्या दिवशी डोकं फिरून दोन दाबलं, तर ताई पंधरा मिनिटं प्रथिनांवर बोलली. मध्ये श्वाससुद्धा घेतला नाही. (हे तुम्हाला नवीन नसेल.)

थोडक्यात, तुमच्या यंत्राच्या मते मी सोळा महिन्यांच्या एका मुलीची आई आहे. ती मुलगी कापडाची आहे आणि तिच्यात भुसा भरलेला आहे. आता नीट ऐका, कारण या भानगडीत एक खरी मुलगीही अडकलेली आहे. हाडामांसाची, तेवढ्याच वयाची, वाढ खुंटलेली. ती यंत्रातून बाहेर फेकली गेली आहे, आणि फेकणारं बोट माझं होतं. दोन वर्षांची व्हायला तिला आठ महिने राहिलेत. मोजायला सोपं जावं म्हणून सांगते, दिवस दोनशे चाळीस. ताईच्या फोनच्या आधी मला जाग येते ती या आकड्याने. पण आधी कापडाचीचं सांगते, म्हणजे खरीचं कळेल.

झालं असं, की आमच्या भागातल्या तेवीस आरोग्यसेविकांना मला तीन दिवसांचं प्रशिक्षण द्यायचं होतं. विषय: मुलांची वाढ खुंटू नये म्हणून काय करायचं. तुम्ही मला दर भेटीत विचारता की यात शिकवण्यासारखं काय आहे गं, मूल खाईल तसं वाढेल. भावोजी, मूल उपाशी नसतं हो, तीच तर गोम आहे. पोट टम्म भरलेलं असतं. सहा महिन्यांनंतर त्याला शिजवलेल्या धान्याचं वरवरचं पाणी पाजतात. ते पितं, ढेकर देतं आणि झोपतं, आणि घरातले म्हणतात काय शहाणं बाळ आहे, त्रास म्हणून नाही. ते शहाणं बाळ वाढायचं तेवढं विसरतं. बारीक दिसत नाही, आजारी दिसत नाही, फक्त वयापेक्षा लहान दिसतं, आणि लहान दिसणाऱ्या मुलाला लोक गोंडस म्हणतात. वजन रुसलं तर त्याची समजूत काढता येते. लांबी एकदा का दोन वर्षांच्या आत रुसली, की जन्मभर बोलत नाही, आणि शाळेतल्या पाढ्यांनाही आपल्याकडे ओढते. म्हणून मुलाला लाकडी फळीवर आडवं निजवायचं, डोकं वरच्या पाटीला टेकवायचं, एकीने डोकं धरायचं, दुसरीने गुडघे हलकेच दाबायचे, खालची पाटी तळव्यांना लावायची आणि आकडा वाचायचा. मग मुलाला उचलायचं, पुन्हा निजवायचं आणि पुन्हा वाचायचा. ऐकायला सोपं वाटतं. तुम्ही एकदा नातवाला मोजून बघा आणि मग मला तुमच्या चष्म्याचं काय झालं ते कळवा.

शिकणाऱ्या बायकांनी एकाच मुलाला तेवीस वेळा निजवलं तर मुलाची आई आपल्याला निजवेल, म्हणून आधी बाहुलीवर सराव करायचा असा नियम आहे. बाहुली वरच्या ऑफिसातून यायची होती. आधी ती निघाल्याचं पत्र आलं, मग ती पोचल्याचं पत्र आलं, आणि मग पोचल्याच्या पत्रावर माझी सही घ्यायला माणूस आला. बाहुली आली नाही. शेवटी मी आमच्या गल्लीतल्या शिंप्याला गाठलं. म्हटलं, चौदा महिन्यांची पण वाढ खुंटलेली मुलगी हवी, लांबी सदुसष्ट पूर्णांक पाच सेंटिमीटर, गुडघे वाकले पाहिजेत. त्याने माप लिहून घेतलं आणि विचारलं, "खिसे ठेवू का?" जन्मभर पँटी शिवल्यामुळे पाय त्याला अप्रतिम जमले. चेहरा मात्र त्याने स्वतःच्या मनाने काढला. भुवया जुळलेल्या, ओठ घट्ट मिटलेले, एकंदर भाव बैठकीच्या तिसऱ्या तासाला बसलेल्या माणसाचा. (तुमच्यासारखी दिसते असं मी म्हणणार नाही. ताईला फोटो पाठवला होता, ती म्हणाली.)

प्रशिक्षणाला खोली मिळाली ती एका शाळेतल्या बालवर्गाची. बाकं वीतभर उंचीची, त्यामुळे तेवीस बायका तीन दिवस स्वतःच्या गुडघ्यांवर हनुवटी टेकवून बसल्या होत्या, आणि मी काही विचारलं की मान हलायच्या ऐवजी गुडघेच होकार द्यायचे. मी त्यांना मापाचा फॉर्म शिकवला. मुलाचं नाव, आईचं नाव, आईचा फोन, वय, पहिलं माप, दुसरं माप, शेरा. आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "एकही रकाना रिकामा ठेवायचा नाही." खाली दोन रेघा मारल्या. आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा तर तो आधी नीट धुऊन पुसून घ्यावा, तसं झालं.

कारण बाया आज्ञाधारक. बाहुलीचं नाव? प्रत्येकीने ठेवलं. एकीने ठेवलं स्वतःच्या सासूचं, आणि मोजताना गुडघे जरा जास्तच जोरात दाबले. आईचं नाव? ज्या मोजत होत्या त्यांनी स्वतःचं दिलं. फोनही स्वतःचा. त्यात एक सेविका निवृत्तीला टेकलेली, आम्ही तिला आजीच म्हणतो, तीसुद्धा चौदा महिन्यांच्या मुलीची आई झाली. (पुढे ताईचा पहिला फोन तिच्या नवऱ्याने उचलला. तो दोन दिवस जेवला नाही.) नमुना म्हणून एक फॉर्म मीही भरला होता, आईच्या जागी माझं नाव, माझा फोन, शेऱ्यात "गुणी बाळ". आणि मापं काय सांगू तुम्हाला! एकूण एक फॉर्मवर पहिलं माप सदुसष्ट पूर्णांक पाच, दुसरं माप सदुसष्ट पूर्णांक पाच. मी भारावून गेले. बायांना म्हटलं, वीस वर्षांत इतकी अचूक मोजणी मी पाहिली नाही. भुसा हलत नाही, लाथा मारत नाही, मुठीत फळीची कड पकडून बसत नाही, हे त्या क्षणी माझ्या ध्यानात कशाला येतंय?

त्या सकाळी एकच बाई गैरहजर होती. तिला आम्ही सावकाशबाई म्हणतो, कारण ती प्रत्येक गोष्ट दोनदा करते आणि दोन्ही वेळा सावकाश करते. आदल्या संध्याकाळी तिने सरावासाठी एक फळी घरी नेली होती. दुपारी बाराला ती फळी बगलेत मारून उगवली. मी म्हटलं, ही काय यायची वेळ झाली? ती म्हणाली, "बाई, वाटेत एक मूल मोजत होते." आणि फॉर्म पुढे केला. मी न बघता म्हटलं, ठेव तिथे गठ्ठ्यात. तिने ठेवला. तिचा एक, बाकीच्या बावीस जणींचे बावीस आणि माझा नमुना, असे चोवीस कागद झाले. गठ्ठ्यावर मी वेगळ्या कागदावर "सराव" असं लिहून ठेवलं होतं, अगदी शपथेवर सांगते. फॉर्म यंत्रात भरणाऱ्या बाईंनी तो कागद जेवताना डब्याखाली घेतला. बाकीचे चोवीस त्यांनी इमानदारीने यंत्रात भरले.

पुढचं तुमच्या बाजूने तुम्ही पाहिलंच असेल. तुमच्या नकाशावर आमचा भाग लालभडक झाला. एकाच वयाची, एकाच लांबीची, वाढ अतिशय खुंटलेली चोवीस मुलं एका आठवड्यात सापडली. तीन आठवड्यांत पथक आलं. एक साहेब, एक नकाशावाल्या बाई आणि एक चालक, जो तिघांत सगळ्यात शहाणा होता, कारण तो गाडीतून उतरला नाही. साहेब म्हणाले, मुलं दाखवा. मी आतून बाहुली आणली आणि टेबलावर निजवली. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, तिने साहेबांकडे पाहिलं, दोघांच्याही भुवया जुळलेल्या. मग साहेब अतिशय शांतपणे म्हणाले, "आणि बाकीची तेवीस?"

मी सगळं सांगितलं. न रागावता ऐकून घेतलं हो त्यांनी. म्हणाले, चुका होतात, नोंदी काढून टाका. आता हे बोलायला सोपं आहे, पण भावोजी, तुमच्या यंत्रातून मूल काढायला तीनच दारं आहेत. बरं झालं, दगावलं किंवा स्थलांतर. "मुळात नव्हतंच" असं दार तुम्ही ठेवलेलं नाही. बरं झालं म्हणावं तर यंत्र म्हणतं तीन आठवड्यांत इतकी लांबी वाढत नसते, आणि ते खरंच आहे. दगावलं म्हणावं तर प्रत्येक मुलामागे एक चौकशी समिती, आणि समितीपुढे रडायला आई हवी. राहिलं स्थलांतर. मी बोट उचललं आणि एका दुपारात तेवीस कुटुंबं गावाबाहेर काढली. कुठे गेली असा रकाना होता. एकही रकाना रिकामा ठेवायचा नाही, म्हणून तेवीस वेळा "अन्यत्र" लिहिलं. (चोविसावी माझी. ती प्रशिक्षकाच्या खात्यातून भरलेली म्हणून निघेना. म्हणून तर ताई अजून मला फोन करते.) दहा दिवसांनी दुसऱ्याच एका विभागाचं पत्र आलं की आपल्या भागातून तेवीस कुटुंबं एकाच दिवशी गेली, तर तिथे पाण्याची टंचाई आहे काय? मी उत्तर दिलं, नाही, फक्त अकलेची. ते पत्र पाठवलं नाही. फाडलं आणि दुसरं लिहिलं.

या सगळ्या दिवसांत बायांनी बाहुल्यांवरून मला भंडावून सोडलं होतं. एक म्हणायची, बाई, माझीला ताप आलाय. दुसरी म्हणायची, बाई, माझीला दात आला, रजा द्या. आजी म्हणायची, माझी कुठे गेली ते तरी सांगा, मी आई आहे तिची. त्यामुळे स्थलांतरानंतर दोन आठवड्यांनी सावकाशबाई माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "बाई, माझी खरी आहे," तेव्हा मी हसले. म्हटलं, हो गं, सगळ्यांच्याच खऱ्या आहेत. ती हसली नाही. म्हणाली, तिचं दर आठवड्याला मिळणारं अंड्याचं आणि पिठाचं पाकीट बंद झालंय. मी म्हटलं, बाहुलीला कशाला लागतंय पाकीट? ती म्हणाली, "बाहुली मांडीवर मुतते का, बाई?" आणि तिथेच उभी राहिली. ही बाई उभी राहिली की भिंत उभी राहिल्यासारखं वाटतं. शेवटी तिला घालवण्यासाठी म्हणून मी कपाटातून चोवीस फॉर्म काढले.

तेवीस फॉर्मवर दोन्ही मापं सारखीच. शेऱ्यात कुठे "शांत मूल", कुठे "सहकार्य चांगले", कुठे नुसतं "ठीक". सावकाशबाईच्या फॉर्मवर पहिलं माप सदुसष्ट पूर्णांक चार, दुसरं सदुसष्ट पूर्णांक सहा, आणि शेऱ्यात एकच शब्द. "रडली."

भावोजी, वीस वर्षं मी बायांना शिकवतेय की खरं मूल दोनदा मोजलं की दोन आकडे येतात, दोन्ही वेळा हुबेहूब तोच यायला लागला तर मोजणारीवर संशय घ्या. आणि माझ्या कपाटात तेवीस संशय आणि एक खरी मुलगी पाच आठवडे एकमेकांना चिकटून पडली होती, तर मी शाबासकी कुणाला दिली? भुशाला दिली. खरीला गावाबाहेर काढलं. मी खुर्चीत बसून राहिले. सावकाशबाई म्हणाली, "पाणी देऊ का?" म्हणजे बघा, माझी काय अवस्था दिसत असेल.

तशीच उठून तिच्याबरोबर गेले. जिन्याखालची एक खोली. आई बाटल्या धुवायच्या कारखान्यात सकाळी साडेपाचला जाते, बाप मालगाडीच्या आवारात पोती उतरवतो, मुलगी दिवसभर घरातल्या आजीजवळ. आजीला दिसतं कमी, ऐकू येतं जास्त. तिने आम्हाला पहिलं काय विचारलं असेल? म्हणाली, सकाळी फोनवर बोलणारी ती बाई रागावली का? रोज विचारायची, अंडं दिलंत का. मी सांगायची, हो गं बाई, दिलं, अर्धं खाल्लं, अर्धं थुंकली. ती ऐकून घ्यायची. आता येतच नाही तिचा फोन. (तुमच्या यंत्रात त्या घराची नोंद "प्रतिसाद नाही" अशी असणार. आजी एक दाबत नव्हती, दोनही दाबत नव्हती. ती ताईशी बोलत होती.) आणि फोनही नाही, पाकीटही नाही, म्हणजे सरकारला आता गरज वाटत नसेल, असं तिने ठरवलं आणि मुलीला पुन्हा वरवरच्या पाण्यावर आणलं. आम्ही फळी मांडली. सदुसष्ट पूर्णांक सात. छत्तीस दिवसांत दोन मिलिमीटर. माझ्या डाव्या हाताचं नख याहून जास्त वाढतं.

त्या दिवसापासून मी तिला परत आणायच्या मागे आहे. नव्याने भरायला गेलं तर यंत्र म्हणतं, ही मुलगी आधीच नोंदवलेली आहे. बरं, आहे तर दाखव म्हटलं, तर म्हणतं, ती गेली. गेलेली परत आली म्हणावं तर म्हणतं, जिथे गेली होती तिथल्या आरोग्य अधिकाऱ्याचा दाखला जोडा. ती कुठे गेली होती? अन्यत्र. अन्यत्रचा आरोग्य अधिकारी कोण, हे मला अद्याप कुणी सांगू शकलेलं नाही. कुणाला माहीत असेल तर तो बहुधा तुमच्याच मजल्यावर बसतो. तुमच्या कक्षाला मी रीतसर चार पत्रं पाठवली. चारही पोचल्याच्या पावत्या आल्या, उत्तर एकाचंही नाही. (ताई म्हणते, ते घरीसुद्धा असंच करतात.)

असो. फार लिहिलं. तुमचा वेळ मोलाचा, विशेषतः दुपारी दीड ते तीन. तेव्हा माझी तक्रार एवढीच समजा, की या वयात मला आई करू नका आणि सकाळचा तो फोन बंद करा. ताईला नमस्कार, नातवाला पापा. सूनबाईंना काहीच नको, त्यातून अर्थ काढतील.

तुमची मधली मेहुणी
(कागदोपत्री लेकुरवाळी)

ता. क. फोन बंद करू नका. वर जे लिहिलं ते रागाच्या भरात लिहिलं आणि खोडायचा कंटाळा आला. माझी कापडाची मुलगी यंत्रातून काढलीत तर माझ्याशी गाठ आहे. कारण असं, की ती यंत्रात आहे तोवर तिच्या नावाने दर आठवड्याला सात अंडी आणि पिठाचं पाकीट निघतं, आणि ते आईच्या सहीनेच मिळतं. आई मी. गेले चार आठवडे दर सोमवारी मी कोठारावर जाते, सही करते, कोठारवाला पिशवी देतो आणि विचारतो, "बाळ कसं आहे?" मी म्हणते, हळूहळू. पिशवी संध्याकाळपर्यंत जिन्याखाली पोचते. नियमाने हे काय आहे ते मला माहीत आहे. कलम शोधायचे कष्ट घेऊ नका. तेव्हा खरी विनंती अशी. ते जे चौथं दार आहे, "नोंद चुकीने काढली, पूर्ववत करा", ते फक्त तुमच्या खात्यातून उघडतं, असं भरणाऱ्या बाईंनी मला डब्याखालच्या कागदाच्या प्रायश्चित्तादाखल सांगितलंय. मुलीचा क्रमांक या पत्राच्या पाकिटाच्या आतल्या बाजूला लिहिलाय. आधी तिला आत घ्या. मगच माझीला बाहेर काढा. क्रम उलटा झाला तर मध्ये जे दिवस जातील ते तुम्ही भरून देणार आहात का?

आणि जरा लवकर. पाकीट चालू राहायला मुलाला दर महिन्याला मोजून दाखवावं लागतं, आणि लागोपाठ तीन मापं तीच आली तर यंत्र मुलाला मोठ्या दवाखान्यात धाडतं. माझीची दोन झालीत. तिसऱ्याच्या आधी मी शिंप्याकडे जाऊन तिला आठ मिलिमीटर वाढवून घेतलं. तो म्हणाला, दोन इंच सोडून देतो, पुढे कामाला येतील. मी म्हटलं, नको, फार वाढली तर पाकीट बंद होईल. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी गल्लीच्या दुसऱ्या टोकाने घरी आले.

ता. क. २. पथकाच्या साहेबांना मी काल सांगून टाकलंय की तुम्ही हे काम शुक्रवारपर्यंत करून देतो असं स्वतः म्हणालात. त्यांनी तसं लिहून घेतलं आणि वर कळवलं. आता नाही म्हणालात तर तुमचीच पंचाईत. ताईलाही कळवून ठेवलंय. तिला त्या जिन्याखालच्या आजीचं सांगितलं, तर ती बराच वेळ काही बोलली नाही. (तारीख लिहून ठेवा.) मग म्हणाली, त्यांचा नंबर दे, यंत्राचं यंत्र बघेल, मी करीन फोन. तेव्हा उद्यापासून सकाळी सहाला तुमच्या घरात कुणी मोठ्याने बोलताना ऐकू आलं तर पांघरूण ओढून पडून राहा.

ता. क. ३. हे तुमच्या कामाचं नाही, पण कागद उरलाय. प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी सावकाशबाईने हात वर केला होता. तिने विचारलं होतं, "बाई, मोजून मूल वाढतं का? आया विचारतात, काय सांगू?" बाकीच्या हसल्या. मी म्हटलं, प्रश्न शेवटी घेऊ. शेवटी फोटो काढला आणि सगळ्या पांगलो. परवा रविवारी आम्ही दोघी फळी घेऊन पुन्हा जिन्याखाली गेलो. या वेळी मी डोक्याशी बसले आणि तिला मोजू दिलं. मुलगी हात आपटत होती आणि आजी तिला समजावत होती. अडुसष्ट पूर्णांक पाच, मग अडुसष्ट पूर्णांक सात. मी म्हटलं, झालं की. ती म्हणाली, "थांबा बाई, शेरा लिहू द्या," आणि सावकाश लिहिला. परतताना वाटेत मी तिला तिचं उत्तर दिलं. म्हटलं, नाही वाढत. मोजून काहीच वाढत नाही. पण मोजलं नाही तर आपण सगळे तिला गोंडस म्हणत बसतो, आणि दिवस जातात. तिने फळी एका बगलेतून दुसऱ्या बगलेत घेतली. मग म्हणाली, एवढंच होतं, तर त्या दिवशीच सांगायचं ना.

मी म्हटलं, त्या दिवशी मला येत नव्हतं.